एक्स्टर्नल फ्लॅश वापरताना: आधी खोलीतला प्रकाश, मग फ्लॅशचा

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन प्रकाश एकत्र येतात: जागेवर आधीच असलेला आणि फ्लॅशचा. दोन्ही वेगवेगळे आवरता आले की चेहरा पांढराफटक आणि मागे काळोख, हा नेहमीचा प्रकार थांबतो.

फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीवर साधारण १/३०० सेकंदात संपतो, कमी ताकदीवर त्याहून कितीतरी लवकर. त्यामुळे शटर (सेन्सरवर उजेड पडू देण्याचा वेळ) १/६० सेकंद ठेवा किंवा १/२००, चेहऱ्यावर पडलेला फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो. बदलतो तो मागच्या भिंतीचा, दिव्यांचा, खिडकीचा उजेड. अॅपर्चर (लेन्समधलं भोक; एफ-नंबर जितका मोठा, तितकं ते लहान) आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) दोन्ही प्रकाशांवर परिणाम करतात. फ्लॅशची ताकद आणि त्याचं अंतर यांचा परिणाम फक्त फ्लॅशच्या उजेडावर होतो. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

जोडताना कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही बंद ठेवा. फ्लॅशचा पाय हॉट-शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, शेवटपर्यंत सरकवा आणि मगच लॉक फिरवा. अर्धवट बसला तर संपर्कबिंदू जुळत नाहीत. फ्लॅश उडतच नाही, किंवा उडतो पण टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) चालत नाही. फ्लॅश तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेला नसेल तर फार तर मॅन्युअलवर चालेल. जुना, फिल्मच्या काळातला फ्लॅश मात्र थेट लावू नका. त्यांतल्या काहींच्या संपर्कबिंदूवर २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो, त्याने डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

बहुतेक फ्लॅशना चार पेन्सिल सेल लागतात. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असतो, पण ते एकदम जास्त करंट देऊ शकतात, म्हणून फ्लॅश अल्कलाइन सेलपेक्षा लवकर पुन्हा तयार होतो. चारही सेल एकाच संचातले असू द्या. एक जरी कमजोर असला तरी बाकीचे तीन त्याच्यासाठी अडून राहतात.

आता खोलीत सुरुवात करू. फ्लॅश बंद. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ ८००, एफ/४, शटर १/१२५. एक फोटो काढा. तो एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) अंधारा यायला हवा, पण मागचं सामान ओळखू यावं. फारच काळा आला तर शटर १/६० करा. उजळ आला तर १/२००. ही पायरी गाळू नका, कारण मागचा काळोख इथेच दूर होतो. मग फ्लॅश सुरू करून मॅन्युअल १/८ ताकदीवर ठेवा, फ्लॅशचं डोकं पांढऱ्या छताकडे वळवा आणि पुन्हा फोटो काढा. चेहरा अंधारा असेल तर १/४, उजळ असेल तर १/१६. प्रत्येक टप्पा म्हणजे एक स्टॉप. दोन-तीन फोटोंत बसतं.

छतावरून प्रकाश परतवताना सगळा फरक दिशेचा आहे. डोकं सरळ वर केलं आणि माणूस जवळ उभा असला तर उजेड त्याच्या माथ्यावरून खाली येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डोकं किंचित मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे झुकवा. उजेड तिरका येतो, नाकाची सावली एका बाजूला मऊ पडते आणि चेहऱ्याला आकार येतो. डोकं पुढे झुकवलं तर झोताची कड थेट कपाळावर आदळते. छत फार उंच असेल तर उपयोग थोडाच. रंगीत असेल तर तोच रंग त्वचेवर चढतो, आणि तो नंतर काढणं जिकिरीचं असतं. छतावरून उजेड आणताना साधारण दोन-तीन स्टॉप जातात, म्हणूनच आयएसओ ८०० ठेवला होता. फ्लॅशच्या डोक्यावर बसवायची प्लास्टिकची टोपी (डिफ्यूझर) उघड्यावर, जिथे छत-भिंती नाहीत तिथे, लावण्यात अर्थ नाही: मऊपणा येतो तो प्रकाशाच्या स्रोताच्या आकारामुळे, आणि टोपीने तो आकार फारसा वाढत नाही. उजेड मात्र वाया जातो.

थेट झोत किती लांब पोचेल हे गाइड नंबर सांगतो. गाइड नंबर भागिले एफ-नंबर म्हणजे मीटरमध्ये अंतर. आयएसओ १०० ला ४० असेल तर एफ/८ वर ५ मीटर. आयएसओ ४०० केला की अंतर दुप्पट, ताकद १/४ केली की निम्मं. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा डोकं टेलीवर झूम केल्यावरचा, म्हणजे झोत अरुंद केल्यावरचा असतो. ३५ मिमीवर तो बराच कमी भरतो.

टीटीएल की मॅन्युअल? अंतर ठरलेलं असेल तर मॅन्युअलच बरं, प्रत्येक फोटो सारखा येतो. माणसं पुढेमागे होत असतील तर टीटीएल. त्यात कॅमेरा आधी एक बारीक झोत सोडून परतलेला उजेड मोजतो. फ्रेममध्ये पांढरे कपडे जास्त असले तर तो फसतो आणि फोटो अंधारा येतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (टीटीएलचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +०.७ ते +१ करा. काळ्या कपड्यांना उलट.

उन्हात सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वाधिक वेग, आड येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो. त्याहून वेगात शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, म्हणून फोटोत काळा पट्टा येतो. भर उन्हात आयएसओ १००, १/२००, एफ/११ धरा आणि टीटीएल −१ ठेवून चेहऱ्यावरच्या सावल्या उजळा. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/४ घेतला तर शटर १/१६०० लागतं, म्हणजे हाय-स्पीड सिंक सुरू करावं लागतं. त्यात फ्लॅश बारीक झोतांची सलग मालिका सोडतो आणि त्याची ताकद बरीच घटते. दीड-दोन मीटरवर या.

पिवळ्या दिव्यांच्या खोलीत फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणारी सेटिंग) ३२०० केल्विन ठेवा. नाहीतर चेहरा निळसर आणि मागची भिंत केशरी, आणि एका सुधारणेत दोन्ही सुधारत नाहीत.

फ्लॅश उडतच नसेल तर आधी सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सुरू आहे का ते पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश बंद होतो. दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडावर उडणारा ऑप्टिकल स्लेव्ह वेळेआधी उडत असेल तर तो टीटीएलच्या आधीच्या झोताला फसतोय. त्या स्लेव्हवर एस१ मोडऐवजी एस२ (आधीचा झोत सोडून देणारा) निवडा, किंवा मुख्य फ्लॅश मॅन्युअलवर घ्या. पूर्ण ताकदीवर सलग वीस-तीस झोत सोडले की फ्लॅश तापतो आणि स्वतःच मंदावतो. आयएसओ एक-दोन स्टॉप वाढवून ताकद उतरवा. काम संपलं की सेल काढून ठेवा, गळले तर संपर्कपट्ट्या गंजतात. फ्लॅश स्वतः उघडून दुरुस्त करायला मात्र जाऊ नका: सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो.