इनव्हर्टरची बॅटरी खरंच गेलीय का? बदलण्याआधी अशी तपासा

लाइट गेल्यावर इनव्हर्टर लवकर बंद पडू लागला की बॅटरीलाच दोष दिला जातो. तपासल्याशिवाय नवी घेऊ नका. इथे 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांची) बॅटरी धरली आहे. मल्टीमीटर, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी), रबरी हातमोजे आणि संरक्षक चष्मा लागेल. अंगठ्या-बांगड्या काढा, खिडक्या उघडा, जवळ उदबत्तीसुद्धा नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो.

आधी टर्मिनल बघा. पांढरट-हिरवा थर साचला असेल तर इनव्हर्टर बंद करून वायरी सोडवा (निगेटिव्ह आधी), खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, नट घट्ट आवळा. कधीकधी तक्रार इथेच मिटते.

मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि वायर काढून पाच-सहा तास तशीच ठेवा. मल्टीमीटरवर 12.6 किंवा जास्त यायला हवं, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. पण एवढ्यावर विसंबू नका. लोड नसताना थकलेली बॅटरीही 12.6 दाखवते.

खरं काय ते ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता) सांगते. सहाही सेलची (बॅटरीतल्या कप्प्यांची) झाकणं उघडून एकेकातलं ॲसिड हायड्रोमीटरमध्ये ओढा. आतला फ्लोट (तरंगणारी काडी) काचेला चिकटू देऊ नका, आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचा. पूर्ण चार्जला 1.240 च्या आसपास हवा. पाच सेल 1.235 आणि तिसरा 1.190 असेल, तर तो तिसरा सेल कमजोर आहे आणि त्याच्यामुळे सगळी बॅटरी मार खाते. सहाही सारखेच 1.190 आले तर चार्जिंग अपुरं असू शकतं. रात्रभर चार्ज करून पुन्हा मोजा. नुकतंच डिस्टिल्ड वॉटर घातलं असेल तर मोजू नका: पाणी वरच राहतं, आकडा खोटा कमी येतो.

शेवटी वायरी परत जोडून लोड द्या. मेन बंद करून 75 वॅटचे चार पंखे लावा. बॅटरीतून साधारण 30 अँपिअर जातात. चांगली बॅटरी चारेक तास काढते. दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज लिहा. हळूहळू उतरलं तर ठीक. एकदम दीड-दोन व्होल्टने कोसळलं तर एक सेल बसला. चष्मा घालून बघा, डिस्चार्ज होत असतानाही ज्या सेलमध्ये बुडबुडे येतात तोच तो. 10.5 व्होल्टला थांबा. दोन तासांतच तिथे पोचली तर क्षमता निम्मी उरलीय, बदलाच.

चाचणी झाली की लगेच चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि चांगली बॅटरीही वाया जाते.