ग्रामसभेत पहिल्यांदा बोलायला उभं राहताना

नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. ओट्यावर बसून त्याबद्दल तासभर बोलणारं माणूस ग्रामसभेत माइक समोर आला की गप्प होतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातातला कागद थरथरतो. हा भित्रेपणा नाही. चार लोकांच्या नजरा आपल्यावर खिळल्या की शरीर त्याला संकट समजतं आणि अॅड्रेनालिन सोडतं. तेच रसायन साप दिसल्यावरही सुटतं. बहुतेकांची धडधड उभं राहण्याच्या आधी आणि पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त असते, नंतर ती आपोआप उतरू लागते. गडबड अशी होते की नेमक्या त्या पहिल्या मिनिटात आपण खाली बसतो. बसल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि मन धडा घेतं की बसलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. म्हणून भीती जाण्याची वाट पाहत थांबू नका, भीती असतानाच बोलायचं आहे.

खान्देशात या भीतीत आणखी एक भर असते, ती भाषेची. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, आणि सभेत ‘शुद्ध’ बोललं पाहिजे असा धाक. ‘शाळा’चं ‘शाया’ झालं तर लोक हसतील, ‘नळ’चा ‘नय’ झाला तर साहेब काय म्हणतील, याच विचारात अर्धं डोकं अडकतं. मुद्दा आठवायचा आणि त्याच वेळी मनातल्या मनात भाषांतरही करायचं, ही दोन कामं एकदम जमत नाहीत. तिथेच शब्द सापडेनासा होतो. सभा आपल्याच गावाची आहे. ‘आमना गावमा आठ दिनमा एकदाव पानी येस’ हे सरपंचांना कळतं, गावाला कळतं. बाहेरून आलेला अधिकारी बसला असेल तर शेवटची मागणी तेवढी मराठीत सांगा. ज्या बहिणाबाईंचं नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे, त्यांनी आपल्या घरच्या बोलीतच कविता रचली. बोलीची लाज बाळगण्याचं कारणच नाही.

आता तयारी. निदान दहा-बारा दिवस आधी सुरू करा. ग्रामसभा बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास असते, त्यामुळे तारखेचा अंदाज असतो. सगळं भाषण पाठ करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की मागचं सगळं त्याच्यासोबत जातं. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटची मागणी. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर चार शब्द मोठ्या अक्षरात लिहा: पाणी, आठ दिवस, वॉर्ड, टाकी. वहीचा पातळ कागद घेऊ नका. हाताचा छोटासा कंपही त्यात मोठा दिसतो, तो पाहून आपणच आणखी घाबरतो. दोन मिनिटं बोलायची असतील तर दोनशे-सव्वादोनशे शब्द पुरतात, त्यापेक्षा जास्त नको.

सराव पायरी-पायरीने करा. आधी एकट्याने, पण मोठ्याने आणि उभं राहून. मनातल्या मनात केलेला सराव कामाला येत नाही, कारण जिभेला आणि श्वासाला सवय लागत नाही. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. मग घरातल्या एकासमोर. मग बचत गटाच्या बैठकीत किंवा भजनी मंडळातल्या चार-पाच जणांसमोर. बायांसाठी एक चांगली सोय कायद्यातच आहे: नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे आधी बोलून घ्या. प्रत्येक पायरी तीन-चारदा करा, धडधड निम्मी झाली की पुढे जा. ती शून्यावर येणार नाही, यायची गरजही नाही. एखादी पायरी फारच उंच वाटली तर मधे आणखी एक टाका, जसं की भाषण न करता नुसता एक प्रश्न विचारणं.

सभेच्या दिवशी पोट पूर्ण रिकामं ठेवू नका आणि झणझणीत शेवभाजीही नको. रिकाम्या पोटी हात थरथरतात, तिखटाने छातीत जळजळ होते, आणि मन दोन्ही गोष्टी भीतीच्या खात्यात टाकतं. दीड-दोन तास आधी भाकरी आणि दही पुरेसं. कडक चहाचा दुसरा-तिसरा कप टाळा, त्याने धडधड वाढते. 1 मेच्या सभेला तर ऊन ध्यानात ठेवाच. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा 44-45 अंशांवर जातो. शरीरात पाणी कमी पडलं की नाडी आपोआप वेगाने चालते आणि घसा सुकतो. अर्धा तास आधी दोन ग्लास पाणी घोटघोट प्या, बाटली जवळ ठेवा.

आपला नंबर येईपर्यंत बसल्या जागी श्वास घ्या: नाकाने चार मोजत आत, सहा मोजत हळूहळू बाहेर. असे दहा श्वास. बाहेर सोडणं लांब असलं की हृदयाची गती मंदावते. लोक इथे चूक करतात ती भराभरा खोल श्वास घेण्याची. त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं.

उभं राहिल्यावर पाय खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे किंचित सैल. गुडघे ताठ केले की रक्त पायात साचतं आणि चक्कर येऊ शकते. माइक हातात असेल तर कोपर बरगड्यांना टेकवा, कंप कमी होतो. माइक तोंडापासून चार बोटं लांब, आणि स्पीकरकडे तोंड करून धरू नका, शिट्टी वाजते. मग दोन सेकंद थांबा. तुम्हाला ते फार लांब वाटेल, ऐकणाऱ्यांना ते कळतही नाही. आतली धडधडही बाहेर तितकी दिसत नाही.

‘माफ करा, मला बोलता येत नाही’ ने सुरुवात करू नका. सरळ म्हणा: ‘मी वॉर्ड तीनमधून बोलतेय. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी येतं.’ ओळखीचा, मान डोलावणारा एक चेहरा शोधा आणि त्याच्याकडे पाहून बोला. अडखळलात तर कार्डावरचा पुढचा शब्द वाचा. कुणी मधेच ‘ताई, तुम्हाला त्यातलं काय कळतं’ म्हणालं तर त्याला उत्तर देऊ नका. अध्यक्षांकडे पाहून एकच वाक्य: ‘माझं एका मिनिटात संपतं, मग ते बोलतील.’ पुन्हा टोकलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. शेवटी मागणी सांगा आणि ‘हे इतिवृत्तात घ्या’ असं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगून मगच बसा.

दुसऱ्याची गोळी घेऊन उभं राहू नका. धडधड कमी करणारी प्रोप्रानोलॉलसारखी औषधं दमा असलेल्याला धोक्याची ठरू शकतात, ती डॉक्टरांनीच द्यायची. आणि दुकानात बोलणं, फोन उचलणं, लग्नाला जाणंही सहा महिन्यांहून जास्त काळ टाळलं जात असेल, तर ही साधी सभेची भीती नाही. उपचाराने ती बरीच कमी होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर कधीही फुकट बोलता येतं, मराठीतूनही.

त्या रात्री काय चुकलं ते उगाळत बसू नका. कार्डाच्या मागे फक्त दोन ओळी लिहा: काय बोलले आणि पुढच्या वेळी काय बदलेन. पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचलं जाईल तेव्हा आपला मुद्दा आला का ते कान देऊन ऐका. नसेल आला, तर दुसऱ्यांदा उभं राहायचं पहिलं वाक्य तयारच आहे: ‘मागच्या सभेत मी पाण्याचं बोलले होते, ते यात नाही.’