इंधनाचा काटा आणि टाकीतील फ्लोट यांचा मेळ कसा घालावा

जुन्या जीपची टाकी किंवा मीटर बदलल्यावर काटा चुकीचा दाखवू लागला, तर दोन्ही भाग एकाच मापाचे आहेत का, हे आधी पाहावे. टाकीतील सेंडर म्हणजे फ्लोटच्या (इंधनावर तरंगणाऱ्या भागाच्या) दांड्याबरोबर बदलणारा रेझिस्टन्स (विद्युत रोध) होय. अमेरिकी मापाच्या सेंडरमध्ये तो रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतो. युरोपीय मापाच्या अनेक सेंडरमध्ये मात्र तो रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०, म्हणजे उलट दिशेने बदलतो. अशी विजोड जोडी असेल, तर दांडा कितीही वाकवून उपयोग नाही.

पुढील कृती २४०-३३ मापाची आहे. सेंडरची वायर काढून तिच्या आणि चासीच्या मध्ये २४० व ३३ ओहमचे रेझिस्टर आळीपाळीने जोडावेत आणि चावी चालू करून काटा स्थिरावू द्यावा. काटा दोन्ही टोकांना नीट गेला, तर मीटर निर्दोष आहे.

मग अर्थिंग. सेंडरची चकती आणि चासी यांच्यामधला रेझिस्टन्स एक ओहमपेक्षा कमी हवा. गंज किंवा रंगाच्या थरामुळे तो वाढला, की काटा असेल त्यापेक्षा कमी इंधन दाखवतो. कित्येक सेंडर केवळ या कारणाने विनाकारण बदलले जातात, म्हणून येथे घाई करू नये.

सेंडर काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि हे काम मोकळ्या हवेत, ठिणगी व ज्योतीपासून दूर करावे, कारण रिकाम्या टाकीतील वाफही पेट घेते. बाहेर काढलेल्या सेंडरचा दांडा सावकाश फिरवताना मल्टिमीटरवरील आकडा मध्येच तुटला, तर आतला ट्रॅक (दांड्याचे टोक ज्यावरून सरकते ती रेझिस्टन्सची पट्टी) झिजला आहे व सेंडर बदलणे भाग आहे. आकडा सलग बदलत असेल, तर टाकीची खोली मोजून, फ्लोट तळाच्या किंचित वर असताना २४० ओहम येतील इतपत दांडा वाकवावा. वाकवताना खुंटीजवळचा भाग पकडीने धरावा, म्हणजे ताण ट्रॅकवर येणार नाही. दोन्ही टोके एकदम जुळत नसतील, तर रिकाम्याची खूण अचूक ठेवावी, कारण भरलेल्या टाकीतील चूक कोणाला रस्त्यात अडकवत नाही.

सेंडर नव्या गॅस्केटसह बसवून, गाडी सपाट जागी उभी करून, रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर इंधन घालावे आणि दर वेळी काट्याची जागा लिहून ठेवावी. टाकी वर-खाली सारख्या रुंदीची नसल्यास काटा मध्यावर असताना निम्मे इंधन असेलच असे नाही. तेव्हा अंदाज या नोंदीवरूनच बांधावा.