जुन्या फुटबॉल क्लबचा इतिहास हंगामागणिक कसा मांडावा : आर्सेनलची वही

इंग्लंडच्या जुन्या क्लबांचा इतिहास मांडताना बहुतेक चुका एकाच कारणाने होतात : आजचे नियम जुन्या तक्त्यांना लावले जातात. सरावासाठी आर्सेनल घ्या. १८८६ पासून या क्लबचं नाव, मैदान आणि विभाग बदलला, गुण मोजायची रीतही बदलली. ही वही नीट जमली, की दुसऱ्या कुठल्याही क्लबची जमते.

स्प्रेडशीटमध्ये एका हंगामाला एक ओळ द्या. रकाने असे : हंगाम, त्या वेळचं नाव, मैदान, स्तर (वरून कितवा विभाग), विभागाचं नाव, सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण, वजा झालेले गुण, क्रमांक. हंगामाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर १९०३-०४ टाइप केलं की एक्सेल त्याचं एप्रिल १९०३ करून टाकतं. १९१४-१५ मात्र तसंच राहतं, म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही. ‘१९३१ चा विजेता’ म्हणजे १९३०-३१ चा हंगाम, हेही पहिल्या दिवसापासून पाळा. साल आणि हंगाम यांची सरमिसळ झाली, की पुढची प्रत्येक ओळ एकेक वर्ष सरकते.

नावाच्या रकान्यात नुसतं ‘आर्सेनल’ भरून चालत नाही. वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी १८८६ मध्ये ‘डायल स्क्वेअर’ नावाने संघ काढला. लवकरच तो ‘रॉयल आर्सेनल’ झाला, १८९३ मध्ये ‘वुलिच आर्सेनल’. त्याच वर्षी त्याला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात जागा मिळाली. १९१३ मध्ये क्लब थेम्स ओलांडून उत्तर लंडनच्या हायबरीत गेला आणि पुढच्या वर्षी नावातलं वुलिच गळलं. जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना त्या-त्या काळचं नाव टाकावं लागतं. मैदानाच्या रकान्यात २००६ पासून एमिरेट्स येतं, पण १९९८-९९ आणि १९९९-२००० या हंगामांतले चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने वेम्बलीवर झाले, याची नोंद वेगळी ठेवा.

‘स्तर’ आणि ‘विभागाचं नाव’ हे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि ‘फर्स्ट डिव्हिजन’ हे नाव दुसऱ्या स्तराला गेलं. २००४ पासून त्याच स्तराला चॅम्पियनशिप म्हणतात. नुसत्या नावावर विसंबलात तर १९९१ चा फर्स्ट डिव्हिजन आणि १९९३ चा फर्स्ट डिव्हिजन एकच समजाल.

आता गुण. १९८१-८२ पासून विजयाला ३ गुण मिळतात, त्याआधी २ मिळत. १९३०-३१ मध्ये आर्सेनलने ४२ सामन्यांत २८ विजय आणि १० बरोबरींवर ६६ गुण मिळवले. २००३-०४ च्या अपराजित हंगामात ३८ सामन्यांत २६ विजय आणि १२ बरोबरी, म्हणजे ९० गुण. ६६ आणि ९० शेजारी-शेजारी ठेवणं निरर्थक आहे. जुन्या हंगामाला ३ गुणांची पद्धत लावली की ९४ होतात; सामन्यांच्या संख्येने भागा : ९४ ÷ ४२ = २.२४ आणि ९० ÷ ३८ = २.३७. ही तुलना खरी. पण रूपांतरित गुणांचा रकाना वेगळाच ठेवा. मूळ आकड्यावर कधीही लिहू नका.

समान गुण झाले की क्रमांक कसा लावत, याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. १९७६-७७ पासून गोलफरक पाहतात. त्याआधी गोलसरासरी पाहत, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. १९५२-५३ मध्ये आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचेही ५४ गुण. आर्सेनल ९७ ÷ ६४ = १.५१६, प्रेस्टन ८५ ÷ ६० = १.४१७. विजेतेपद ०.०९९ ने ठरलं. उलट १९८८-८९ पाहा. शेवटच्या सामन्यात लिव्हरपूलच्याच अ‍ॅनफिल्ड मैदानावर २-० जिंकल्यावर आर्सेनल आणि लिव्हरपूल दोघांचे ७६ गुण, दोघांचा गोलफरक ३७. आर्सेनलचे गोल ७३, लिव्हरपूलचे ६५, म्हणून आर्सेनल विजेता. जुना नियम असता तर ७३ ÷ ३६ = २.०३ आणि ६५ ÷ २८ = २.३२, म्हणजे चषक लिव्हरपूलकडे गेला असता. हा हिशेब एकदा हाताने करून पाहाच; नियमाचं वजन तेव्हाच कळतं.

युद्धकाळातल्या ओळी रिकाम्या सोडा, पण गाळू नका. १९१५-१६ ते १९१८-१९ लीग झाली नाही. १९३९-४० ची लीग तीन सामन्यांनंतर थांबली आणि १९४६-४७ ला पुन्हा सुरू झाली. मधल्या प्रादेशिक स्पर्धांचे आकडे लीगच्या बेरजेत धरू नका.

१९१९-२० च्या ओळीला शेरा हवा. १९१४-१५ मध्ये आर्सेनल दुसऱ्या विभागात पाचवा होता. बर्मिंगहॅमचेही ४३ गुणच होते, आणि जुन्या तक्त्यांत आर्सेनल सहावा छापलेला आढळतो; सरासरी स्वतः काढा : ६९ ÷ ४१ = १.६८, ६२ ÷ ३९ = १.५९. युद्धानंतर पहिला विभाग २० वरून २२ संघांचा झाला तेव्हा वाढीव जागेसाठीच्या मतदानात आर्सेनलला १८ आणि टॉटनहॅमला ८ मतं पडली. त्यामागच्या सौदेबाजीच्या कथा खूप सांगितल्या जातात, पण शेऱ्यात मतांचे आकडेच लिहा.

शेवटी पडताळा. पूर्ण विभागाचा तक्ता उतरवला असेल तर सगळ्या संघांनी केलेले आणि खाल्लेले गोल सारखे यायला हवेत. २ गुणांच्या काळात एकूण गुण म्हणजे सामन्यांची दुप्पट : १९५२-५३ मध्ये ४६२ सामने, ९२४ गुण. ३ गुणांच्या काळात सामन्यांच्या तिपटीतून बरोबरीत सुटलेले सामने वजा करा. १९९०-९१ ला ही बेरीज ३ ने कमी भरेल. ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर दोन संघांत झालेल्या हाणामारीबद्दल आर्सेनलचे २ आणि मँचेस्टर युनायटेडचा १ गुण कापला होता. आर्सेनलचे २४ विजय आणि १३ बरोबरींचे ८५ गुण होतात, तक्त्यात ८३ दिसतात. तिथे आकडा दुरुस्त करू नका, ‘वजा झालेले गुण’ या रकान्यात २ लिहा.