गोव्याचा इतिहास लिहिताय? इंग्रजांना भलत्या जागी बसवू नका

देवस्थानची स्मरणिका, शाळेची सुवर्णमहोत्सवी पुस्तिका, घराण्याचा इतिहास. गोव्यात मराठीतून असं लेखन बरंच होतं आणि त्यात एक चूक हटकून सापडते. लिहिणाऱ्याच्या हाताशी असतात ती पुण्या-मुंबईची पुस्तकं. त्यातला कलेक्टर, गॅझेटियर, दीडशे वर्षांची गुलामगिरी, सगळं उचलून डिचोली-फोंड्यात आणून ठेवलं जातं. मग दुसरी मंडळी उसळून सांगतात, गोव्याशी इंग्रजांचा काडीचा संबंध नव्हता. तेही खरं नाही. इंग्रजांनी गोव्यावर राज्य केलं नाही, पण गोंयकाराच्या ताटातलं मीठ काही वर्षं त्यांच्या मुठीत होतं.

‘ब्रिटिश सरकारने नियम करून दिले’

स्मरणिकेत असं एखादं वाक्य असतंच: ‘१८८६ साली ब्रिटिश सरकारने देवस्थानच्या महाजनांसाठी नियम केले.’ साल बरोबर, सरकार चूक. (महाजन म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरागत हक्कदार सभासद.) देवस्थानांची ती नियमावली पोर्तुगीजांची. १९३३ साली ती नव्याने आली आणि आजही महाजनांच्या निवडणुकीत मामलेदार येऊन बसतो तो तिच्याच आधाराने. अशी वाक्यं तपासायची तर मूळ कागद काढा. भाषा पोर्तुगीज आहे का? रकमा रुपिया, टांगा आणि रेइस या गोव्याच्या जुन्या चलनात आहेत का? १९१० नंतरच्या कागदावर राजमुकुट जाऊन ‘रेपुब्लिका’ आलेलं दिसेल, कारण त्या वर्षी पोर्तुगालात राजेशाही संपली.

नाण्यांच्या बाबतीत मात्र जपून. आजीच्या पेटीत १८८१ किंवा १८८२ चा चांदीचा रुपिया निघाला, तर त्यावर पोर्तुगालचा राजा लुईस असतो. पण ते नाणं पाडलेलं असतं कलकत्त्याच्या टांकसाळीत. का, ते १८७८ च्या कराराकडे गेल्याशिवाय कळत नाही.

१८७८ चा करार गाळू नका

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती जाणकारही करतात. डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी करार केला. दोघांच्या हिंदुस्थानातल्या हद्दीतली जकात एकत्र झाली, गोव्याची नाणी ब्रिटिश टांकसाळीत पडू लागली, आणि गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा ताबा आला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. मिठागरं गोव्याची, खाऱ्या पाण्यात उभे राहून राबणारे गोव्याचे, आणि कर इंग्रजी हिशोबाने. हिंदुस्थानातला मिठाचा कर आपण शाळेत दांडीयात्रेसोबत शिकतो; त्याच कराने त्याआधी अर्धं शतक गोव्यातले आगर मोडीला काढले होते, हे आपल्या पुस्तिकांत कुठे येत नाही. करार १८९२ साली संपला, पण तोवर बरीच माणसं गाव सोडून गेली होती. मुंबईला जाणं आधीही होतं, ते आता वाढलं. धोबी तलावच्या आसपास गावागावांचे कूड, म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक बिऱ्हाडं, उभे राहिले. आचारी, खलाशी, बँडवाले, कारकून अशी कामं करत गोंयकार ब्रिटिश साम्राज्यात थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचले. तुमच्या घराण्याच्या इतिहासात ‘पणजोबा नैरोबीला होते’ असं वाक्य असेल, तर त्याच्या मागे इंग्रजी अंमल आहेच. तो लिहा.

रेल्वेही त्याच करारातली. दूधसागरचा फोटो टाकून खाली ‘पोर्तुगीजांनी बांधलेला पूल’ असं लिहिण्याची आता चालच पडली आहे. मुरगावहून घाट चढून जाणारी ही रेल्वे आणि मुरगाव बंदर १८८० च्या दशकात उभं केलं ते ब्रिटिश भांडवलावरच्या कंपनीने. पोर्तुगीज सरकारने त्या भांडवलावरच्या व्याजाची हमी घेतली आणि पुढे अनेक वर्षं ती हमी त्याच्या गळ्यात पडली. उलट पणजीहून रायबंदरला जाणारा जुना पूल दिसला की बाहेरचा पाहुणा बेधडक ‘ब्रिटिशकालीन’ म्हणतो. तो सतराव्या शतकातला, व्हाइसरॉय लिन्यारेसच्या काळचा. त्या वेळी मुंबई इंग्रजांची झालीही नव्हती.

किरकोळ, पण खटकणाऱ्या

‘व्हाइसरॉय आल्बुकर्क’ लिहू नका. १५१० साली गोवा घेणारा आल्बुकर्क गव्हर्नर होता. गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज प्रमुख वासालो ई सिल्वा हा गव्हर्नर जनरल. कर्झन किंवा माउंटबॅटन यांच्या तोडीचा अधिकार या लोकांना होता असंही समजू नका, लिस्बनची दोरी बरीच आखूड असे.

‘इंग्रज सैन्य गोव्यात कधी आलंच नाही’ हेही नको. १७९९ मध्ये टिपू आणि फ्रेंचांच्या भीतीचं निमित्त करून इंग्रजी पलटणी आग्वाद आणि काबो इथे उतरल्या आणि दशकाहून जास्त राहिल्या. दोनापावलाला आजच्या लोकभवनाजवळ (पूर्वीचं राजभवन) त्यांची दफनभूमी आहे. पण बंदोबस्त इंग्रजांचा असला तरी कारभार पोर्तुगीजांचाच राहिला, हा भेद सांभाळा. पुढे १८४४-४५ च्या सावंतवाडीच्या बंडात फोंड सावंत आणि साथीदार गोव्यात शिरले. इंग्रजांनी त्यांना मागितलं, पोर्तुगीजांनी दिलं नाही.

आणि ‘साडेचारशे वर्षांची गुलामगिरी’ पेडण्याच्या पुस्तिकेत घालू नका. ती तिसवाडी, बार्देश, सासष्टीची. फोंडा पोर्तुगीजांकडे १७६३ साली गेला, पेडणे १७८८ साली. म्हणूनच तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून वाचवून कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेता आली. तेव्हा नदीपलीकडे पोर्तुगीज राज्य नव्हतं.

कायदा: इथे काळ उलटा चालतो

गोव्यातला नागरी कायदा इंग्रजांनी दिला, असं भाषणात ऐकू येतं. तो १८६७ चा पोर्तुगीज. गोव्यात १८७० पासून लागू झाला, आणि हिंदूंच्या काही रीतींसाठी १८८० चा वेगळा हुकूम निघाला. पोर्तुगालने स्वतः १९६६ साली नवी संहिता केली, आपण जुनीच ठेवली. अलीकडे वारसाहक्काचा भाग तेवढा गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात गेला.

इंग्रजांनी १८६० साली केलेली भारतीय दंड संहिता मात्र गोव्यात आली ती मुक्तीनंतर, म्हणजे इंग्रज देश सोडून गेल्यावर दीड दशकाने. कलेक्टरही तेव्हाच आला. त्याआधी तालुक्याला आदमिनिस्त्रादोर आणि गावाला रेजिदोर होता. इंग्रजी प्रशासनाचा वारसा गोव्याला मिळाला, पण दिल्लीमार्गे.

घराण्याची जमीन शोधणारे इथेच अडकतात. सातबारा मागतात, इथे असतो एक-चौदाचा (नमुना १ आणि १४) उतारा. मग त्यावरचा सर्व्हे नंबर ब्रिटिशकालीन धरून मागे मागे जायला बघतात. ती मोजणी १९६८ च्या महसूल कायद्यानंतरची आहे. त्याआधीचं हवं असेल तर मात्रिजची, म्हणजे पोर्तुगीजकालीन मिळकत-कराच्या वहीतली, नोंद आणि जुन्या नोंदणी कार्यालयातलं पोर्तुगीज वर्णन काढावं लागतं. हस्ताक्षर किचकट असतं, जमिनीचं नाव सर्व्हेतल्या नावाशी जुळेलच असं नाही. तेव्हा चतुःसीमा आधी उतरवून घ्या आणि शेजारच्यांच्या नावांवरून जुळवा.