अंध वाचकांसाठी मराठी पुस्तकं तयार करताना: नव्या स्वयंसेवकांसाठी काही अनुभव

आमच्या डिजिटल ग्रंथालयात काम करायला येणारे बहुतेक जण एकच इच्छा घेऊन येतात: पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचं. इच्छा चांगली आहे आणि तिला जागाही आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण नव्या माणसाला मी आधी मागणीची वही दाखवतो. तिच्यात कथा-कादंबऱ्या कमी असतात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं राज्यशास्त्र, एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेसाठी महाराष्ट्राचा भूगोल, डी.एड.चं मानसशास्त्र, बँकेच्या परीक्षेचं मार्गदर्शक, अशा मागण्या असतात. प्रत्येक नोंदीपुढे तारीख असते. परीक्षा डिसेंबरात असेल आणि पुस्तक मार्चमध्ये तयार झालं, तर त्या वाचकाला ते मिळालंच नाही असं धरायचं.

चारशे पानांच्या पुस्तकाचं नुसतं वाचन पंधरा-सोळा तासांचं होतं. अडखळलेलं कापणं, पुन्हा वाचणं धरलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. एवढं करून हाती येतो तो आवाज. त्यात तिसऱ्या प्रकरणातली व्याख्या पटकन सापडत नाही, एखादं नाव कसं लिहितात ते कळत नाही, उतारा उचलून टिपणात घेता येत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, नीट शीर्षकं लावून तयार केला तर संगणकावर तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वाचून दाखवतो, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा तसाच प्रोग्राम वाचून दाखवतो, ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे ब्रेलचे ठिपके वर-खाली करणाऱ्या यंत्रावर, तो बोटांखाली येतो, अल्पदृष्टी असलेल्याला तो हवा तेवढा मोठा करता येतो आणि डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ऐकता ऐकता शब्दावर नजर ठेवता येते. ज्यांच्या हातांना पुस्तक धरणं किंवा पान उलटणं जमत नाही, तेही आमचे वाचक आहेत. एका मजकुरातून इतक्या जणांचं काम होतं. म्हणून आमच्याकडे आधी मजकूर, मग आवाज.

कायद्याची धास्ती घेऊन बसणारे खूप भेटतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेड-बी) आलं. छापील पुस्तक ज्यांना वापरता येत नाही अशा दिव्यांग व्यक्तींसाठी ते सुलभ स्वरूपात आणायला या कलमाने मोकळीक दिली. त्यासाठी लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अटी मात्र स्पष्ट आहेत: संस्थेने नफा घ्यायचा नाही, फार तर निर्मितीचा खर्च वसूल करायचा, प्रती फक्त दिव्यांग वाचकांपर्यंतच जातील आणि बाजारात शिरणार नाहीत याची काळजी घ्यायची. पुढे २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोत मराकेश करार मंजूर झाला. तो मान्य करणारा भारत हा पहिला देश. ३० सप्टेंबर २०१६पासून करार लागू झाला आणि अशी पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशातल्या वाचकाला देण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या अंध मराठी माणसासाठी हे फार मोलाचं आहे.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं उलटलेली असतील तर प्रश्नच मिटतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. सराव करायचा असेल तर अशा पुस्तकावर करा. काम चुकतमाकत झालं तरी कुणाची परीक्षा अडत नाही.

कुठलंही पुस्तक स्कॅनरवर ठेवण्याआधी ते कुणी केलं आहे का ते बघायचं. २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुगम्य पुस्तकालय सुरू झालं. देशभरातल्या अनेक संस्थांनी तयार केलेली पुस्तकं तिथे एकत्र शोधता येतात. बुकशेअर या अशाच ऑनलाइन ग्रंथालयातही शोधावं. लेखकाचं नाव मराठीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे घालून बघा, कारण नोंदी दोन्ही तऱ्हेच्या असतात. दुसऱ्या संस्थेने केलेलं पुस्तक पुन्हा करत बसणं म्हणजे मागणीच्या वहीतल्या कुणाला तरी ताटकळत ठेवणं.

प्रकाशकाने पीडीएफ दिली की नवे लोक खूश होतात. तिच्यातली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर मजकूर श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरला त्यातलं काही उमगत नाही. परिवर्तक (फाँट बदलून देणारा प्रोग्राम) वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटणं आणि जोडाक्षरं फुटणं हे ठरलेलं असतं. दहा पानांवर परिवर्तक चालवून बघावा. चुका फार निघाल्या तर सरळ छापील पानं स्कॅन करून ओसीआर करणं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, लवकर उरकतं. स्कॅन ३०० डीपीआयवर पुरतो. जुन्या खिळेछपाईच्या पुस्तकांत अक्षरं तुटलेली असतात, तिथे ४०० ठेवावा.

यानंतरचं काम मुद्रितशोधन, आणि खरा वेळ इथेच द्यायचा असतो.

मराठी ओसीआर आता बरंच सुधारलं आहे, पण त्याच्या चुकांना एक वळण आहे आणि ते ओळखीचं झालं की हात चालतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प, ब आणि व यांची अदलाबदल होते. यातल्या बऱ्याच चुका शब्दतपासनीला सापडत नाहीत, कारण चुकलेला शब्दही मराठीत असतोच. घरचं धर होतं, भातचं मात होतं. रफार तर पहिल्यांदा गळतो: अर्थशास्त्राचं अथशास्त्र. अनुस्वार अंधूक छपाईत नाहीसा होतो. डोळस माणूस हे सगळं वाचतो आणि त्याच्याही नकळत मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. म्हणून शोधन करताना अर्थात गुंतून भराभर वाचायचं नाही. छापील पान शेजारी ठेवून शब्दाला शब्द ताडायचा.

काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी कोलन टाइप केलेला असेल तर दिसायला दोन्ही सारखंच, पण यंत्राच्या लेखी शब्द तिथे तुटतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ् संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो, ‘ॲ’चंही तसंच. एकाच पुस्तकात दोन्ही पद्धती मिसळल्या की विद्यार्थी शब्द शोधतो आणि निम्म्या जागा त्याला सापडत नाहीत. आम्ही प्रत्येकाची एकच पद्धत ठरवून संपूर्ण फाइलमध्ये बदल करून घेतो. विसर्गाच्या बाबतीत मात्र सरसकट बदल करू नका, कारण खरेखुरे कोलनही मजकुरात असतात.

पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक ओसीआरमध्ये मजकुरात घुसतात. मग ऐकणाऱ्याला वाक्य असं ऐकू येतं: ‘लोकसंख्येची घनता म्हणजे महाराष्ट्राचा भूगोल सत्तेचाळीस दर चौरस किलोमीटरमध्ये राहणारे लोक.’ डोक्यावरचं नाव काढून टाकायचं, पण पृष्ठांक फेकून द्यायचा नाही. तो पानाची खूण म्हणून योग्य प्रकारे लावायचा. वर्गात शिक्षक ‘पान ४७ काढा’ म्हणतात तेव्हा आपल्या वाचकालाही ते पान काढता आलं पाहिजे.

शीर्षकांबद्दल मी फार आग्रही आहे. प्रकरणाचं नाव ठळक आणि मोठं केलं म्हणजे शीर्षक झालं असं नाही. वर्डमध्ये हेडिंग १, हेडिंग २ या शैलीच लावायच्या. एनव्हीडीएमध्ये एच अक्षर दाबत वाचक एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो, आकडा दाबून हव्या त्या पातळीवर पोचतो. डेझी आणि ईपब या डिजिटल पुस्तकांच्या स्वरूपांतली अनुक्रमणिकाही याच शैलींवरून तयार होते. शैली लावल्या नाहीत तर चारशे पानं म्हणजे एकच लांबलचक परिच्छेद. कोष्टकाचंही हेच: चित्र म्हणून डकवू नका, खरं कोष्टक करा, पहिली ओळ शीर्षकांची ठेवा आणि घरं एकमेकांत मिसळू नका.

चित्रांचं वर्णन करायला नवे स्वयंसेवक बिचकतात. भूगोलाच्या पुस्तकात नद्यांचा नकाशा आहे आणि आपण ‘आकृती ३.२: नकाशा’ एवढंच लिहिलं, तर वाचकाला काहीच दिलं नाही. धडा काय शिकवतो आहे ते आधी वाचा, मग तेवढं सांगा: उत्तरेला तापी पश्चिमेकडे वाहत अरबी समुद्राला मिळते, गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेकडे जाते, भीमा भीमाशंकरला आणि कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. उत्तरेकडून दक्षिणेकडे असा एकच क्रम धरला की ऐकणाऱ्याच्या मनात नकाशा बसतो. नकाशाच्या रंगांचं आणि चौकटीचं वर्णन लागत नाही. मात्र स्वाध्यायात ‘आकृती पाहून उत्तर द्या’ असं असेल तर उत्तर सांगून टाकू नका. डोळस मुलाला त्या आकृतीतून जेवढं दिसतं तेवढंच द्यायचं. गणिताची सूत्रं हा निराळा विषय आहे. ती सुरुवातीला अनुभवी माणसावर सोपवा.

शेवटची तपासणी आमच्याकडे अंध सहकारीच करतो, आणि तसंच असावं असं माझं ठाम मत आहे. सवयीच्या कानांना यंत्राचा आवाज आपल्याला झेपणार नाही इतक्या वेगाने समजतो. त्या वेगात ‘राष्ट्रीय धन’चं झालेलं ‘राष्ट्रीय घन’ कानाला लगेच खटकतं. पुस्तक वापरण्याजोगं झालं की नाही, हे ते वापरणाऱ्याने ठरवावं. या कामाचं मानधनही द्यावं. अंध माणसांनी अंधांसाठी फुकट राबावं अशी अपेक्षा बऱ्याच ठिकाणी दिसते. ती मला अन्यायाची वाटते.

स्वयंसेवकांचं नियोजन करणाऱ्यांसाठी थोडं. एका माणसाला अख्खं पुस्तक कधीच देऊ नका. पंधरा-वीस पानं, ठरलेली तारीख आणि सगळ्यांसाठी एकच नियमपत्रक द्या. आधी दोन पानं करून घ्या, ती तपासून परत द्या, मगच पुढची पाठवा. निवृत्त शिक्षक आणि छापखान्यात मुद्रितशोधन केलेली मंडळी सर्वांत टिकाऊ. राष्ट्रीय सेवा योजनेतून येणारी महाविद्यालयीन मुलं उत्साही असतात, पण आमच्याकडे मागणीचा पूर येतो तो परीक्षेच्या आधी, आणि तेव्हा त्यांच्याही परीक्षा असतात. म्हणून जूनमध्येच अभ्यासक्रमाच्या याद्या मिळवायच्या आणि दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्तीत जास्त काम उरकायचं.

आता आवाजाबद्दल. कविता, नाटक, बालसाहित्य, बोलीतली कथा ही माणसानेच वाचावी. मराठीतल्या च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार यंत्राला अजून नीट साधत नाहीत; ‘चार’ आणि ‘चारा’ ते एकाच च-ने म्हणतं. अभ्यासाच्या पुस्तकात हे चालून जातं, कवितेत जात नाही. रेकॉर्डिंगसाठी कपड्यांचं कपाट आणि गाद्या असलेली खोली उत्तम. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा आणि अभिनय आवरता घ्या. सोळा तासांचं रेकॉर्डिंग ६४ केबीपीएसवर साधारण साडेचारशे एमबी होतं, आणि चित्रं नसलेलं तेच पुस्तक ईपबमध्ये एक-दोन एमबीत मावतं. गडचिरोलीतल्या किंवा अक्कलकुव्यातल्या वाचकाच्या फोनला काय पेलेल, ते त्याला विचारून मगच पाठवा.

सभासद करताना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) घेतो. ओळखीतून ‘जरा ती फाइल पाठव ना’ असे निरोप येतात. तयार फाइल व्हॉट्सॲपच्या किंवा टेलिग्रामच्या खुल्या गटात टाकणं हे कायद्याच्या अटीविरुद्ध आहे, आणि ज्या प्रकाशकांनी विश्वासाने फाइल दिली त्यांची दारं त्यामुळे कायमची बंद होतात. मात्र मागणाऱ्याचं कारणही ऐकून घ्या. ‘आईला आता छापील अक्षर दिसत नाही’ असं कुणी म्हणालं तर नकार देऊ नका. कोणती कागदपत्रं लागतात ते सांगा आणि तिला रीतसर सभासद करून घ्या.

यातून नोकरी मिळते का, असं विद्यार्थी विचारतात. मिळू शकते. युरोपातला सुलभतेचा कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला आणि त्यात ई-पुस्तकंही येतात. ईपबची रचना, चित्रवर्णन आणि स्क्रीन रीडरवरची चाचणी येणाऱ्या माणसाला प्रकाशन क्षेत्रात आणि संकेतस्थळांची सुलभता तपासणाऱ्या कंपन्यांत काम असतं. आमच्याकडे केलेल्या पुस्तकांची यादी अर्जासोबत जोडता येते, मात्र फाइली नाहीत.

सुरुवात करायची असेल तर एनव्हीडीए मोफत उतरवून घ्या आणि एक आठवडा रोज अर्धा तास मराठी मजकूर त्यावर ऐका. मग आमच्याकडून वीस पानं घ्या. ती तपासून झाली की पडदा बंद करून पुन्हा पहिल्यापासून ऐका. जिथे अडखळायला होईल तिथला पृष्ठांक आणि ओळ लिहून ती यादी फाइलसोबत पाठवा. पुढची पानं त्या यादीकडे बघून ठरवतो.