नव्या गाडीतून कंपनीकडे जाणारी माहिती कशी थांबवावी

नवी गाडी ताब्यात घेण्याचा दिवस घाईचा असतो. चवथीच्या आधी किंवा दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा असतो, घरची मंडळी शोरूममध्ये पेढे घेऊन उभी असतात, तिथून थेट म्हार्दोळला म्हाळसेकडे नाहीतर म्हापशाला बोडगेश्वराकडे जायचे असते. या गडबडीत शोरूममधला मुलगा तुमचा फोन मागून घेतो, कंपनीचे ॲप उतरवतो, ओटीपी विचारतो आणि एकामागून एक येणाऱ्या 'मान्य आहे'वर बोट टेकवत जातो. तुमच्या गाडीची माहिती कंपनीला द्यायची संमती म्हणतात ती हीच. ती तुमच्या नावाने आणि तुमच्या फोनवरून दिलेली असते, पण तुम्ही त्यातली एक ओळही वाचलेली नसते. ही संमती मागे घेता येते.

आजच्या कनेक्टेड, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या, गाडीतून काय काय बाहेर जाऊ शकते? गाडी कुठून निघाली, कुठे थांबली, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात दाबला, सीटबेल्ट लावला होता का, व्हॉइस असिस्टंटला तुम्ही काय सांगितले, आणि ब्लूटूथ जोडताना परवानगी दिली असेल तर फोनमधली नावे आणि नंबरही. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडची गोपनीयता धोरणे तपासली, तेव्हा २५च्या २५ ब्रँड नापास झाले. अमेरिकेत जनरल मोटर्सने चालकांच्या गाडी चालवण्याच्या सवयींची माहिती डेटा कंपन्यांना दिली, तिथून ती विमा कंपन्यांपर्यंत पोहोचली आणि काहींचे हप्ते वाढले. हे प्रकरण २०२४ मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षाच्या शेवटी फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर असुरक्षित पडून असल्याचे समोर आले.

गोव्यात तर हे आणखी जपायला हवे. इथला वाडा दहा-पंधरा घरांचा. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि सकाळी कुठे जाते एवढे कळले की नाव नसले तरी माणूस कळतो. कुठल्या डॉक्टरकडे दर आठवड्याला जाता, कुठल्या देवळात किंवा इगर्जीत जाता, हेही त्यातच आले.

आधी आपली गाडी कनेक्टेड आहे का ते बघा. आतल्या आरशाजवळ किंवा वरच्या दिव्यांच्या पट्टीवर एसओएसचे, म्हणजे संकटात मदत मागण्याचे, बटण असेल, घरबसल्या फोनवरून एसी सुरू करता येत असेल, तर गाडीत तिचे स्वतःचे सिम आहे. भारतात २०१९ पासून, एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू आल्यापासून, हा प्रकार रुळला. पण एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटमध्ये सिम नसते आणि वरच्यात असते, म्हणून आपल्याच व्हेरियंटचे माहितीपत्रक पाहा.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो: फोनमधले ॲप काढून टाकले की काम झाले. तसे होत नाही. ॲप ही फक्त खिडकी आहे. माहिती पाठवते गाडी, तिच्या स्वतःच्या सिमवरून, आणि तुमचे खाते कंपनीच्या सर्व्हरवर तसेच चालू राहते. उलट ॲप आधी काढले तर संमती मागे घेण्याचे बटणच तुमच्या हातून जाते. म्हणून क्रम पाळा: आधी गाडीची स्क्रीन, मग ॲपमधले खाते, मग फोन, मग कंपनीला पत्र. ॲप सगळ्यात शेवटी काढायचे.

काय ठेवायचे ते आधी ठरवा

कनेक्टेड सेवा पूर्ण बंद केल्या की एसओएस कॉल, चोरीला गेलेली गाडी शोधणे, दुरून लॉक करणे, इलेक्ट्रिक गाडीचे चार्जिंग फोनवर बघणे आणि काही गाड्यांत परस्पर येणारे सॉफ्टवेअर अपडेट हे सगळे जाऊ शकते. घरातले वयस्क माणूस एकट्याने गाडी चालवत असेल, किंवा तुमचे चोर्ला नाहीतर अनमोड घाटातून रात्री-अपरात्री जाणे-येणे असेल, तर एसओएस सोडू नये असे माझे ठाम मत आहे. मात्र ड्रायव्हिंग स्कोअर (तुमच्या चालवण्याला दिलेले गुण), जाहिरातींसाठीची संमती, 'भागीदार कंपन्यांना माहिती देणे' आणि 'उत्पादन सुधारण्यासाठी माहिती' या चार गोष्टी बंद केल्याने गाडीच्या सोयींत काही फरक पडू नये. त्या बेलाशक बंद करा. काही कंपन्या सगळे एकत्र बांधून देतात, घ्या नाहीतर सोडा. तसे असेल तर निर्णय तुमचा, पण तो शांतपणे घरी बसून घ्या.

गाडीची स्क्रीन

गाडी सावलीत, हँडब्रेक लावून उभी करा आणि इग्निशन चालू ठेवा. सेटिंग्जमध्ये शिरा. प्रायव्हसी, कनेक्टेड सर्व्हिसेस, डेटा शेअरिंग, लोकेशन असे शब्द शोधा. कंपनीगणिक जागा बदलते. कधी हे 'जनरल'च्या आत दडलेले असते, कधी ॲपच्याच नावाखाली. काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोनवर फोटो काढा आणि बदलल्यावर पुन्हा काढा. पुढे कंपनीशी पत्रव्यवहार झाला तर हेच फोटो कामाला येतात.

व्हॉइस असिस्टंट लागत नसेल तर त्याची हाक ऐकण्याची सोय बंद करा. मग ब्लूटूथची यादी उघडा. तिथे पाव्हण्यांचे, भाच्याचे, मेकॅनिकचे फोन सापडतील. नको ते काढा. उरलेल्यांसाठी 'कॉन्टॅक्ट्स उतरवा' बंद ठेवा. फोन आला तर नावाऐवजी नंबर दिसेल, एवढाच फरक.

ॲप आणि फोन

ॲपमध्ये प्रोफाइल किंवा सेटिंग्जमध्ये संमतीचे पान असते. वर सांगितलेल्या चारही गोष्टी तिथे पुन्हा तपासा, कारण स्क्रीनवरचे बटण आणि ॲपमधले बटण वेगळे असू शकते. 'शेअर्ड युझर' आवर्जून पाहा. गाडी घेताना हौसेने जोडलेला कोणी अजून तुमची गाडी कुठे आहे ते बघत असेल. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपला लोकेशन 'फक्त वापरताना' एवढेच द्या. कॉन्टॅक्ट्स, मायक्रोफोन, फोटो काढून घ्या. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी) वापरत असाल तर ती माहिती गूगल वा ॲपलकडे जाते, ती गाडीच्या कंपनीला सांगून थांबत नाही. त्यासाठी गूगल मॅप्सची टाइमलाइन वेगळी बंद करावी लागते.

विम्याचेही बघून घ्या. जितके चालवाल तितका हप्ता, किंवा जसे चालवाल तसा हप्ता, अशा जोड-योजनांना विमा नियामकाने २०२२ मध्ये परवानगी दिली. पॉलिसीत तशी जोड घेतली असेल तर तिची संमती स्वतंत्र असते. नूतनीकरणाच्या वेळी ती काढता येते.

कंपनीला पत्र

बटणे बंद केली तरी आधी गोळा झालेली माहिती कंपनीकडे उरतेच. ती काढायला लेखी मागणी करावी लागते, आणि हीच पायरी लोक गाळतात. कंपनीच्या संकेतस्थळावर गोपनीयता धोरणाच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल असते. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार हे नाव जाहीर करणे आणि तक्रार महिन्याभरात निकाली काढणे कंपनीला बंधनकारक आहे. संमती लेखी कळवून मागे घेण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. चॅसिस नंबर १७ अक्षरी-अंकी असतो आणि आरसी बुकवर मिळतो. मजकूर साधारण असा ठेवा, इंग्रजीत पाठवायचा असेल तरी मुद्दे हेच:

"माझ्या नावावर नोंदलेल्या गाडीची (मॉडेल, नोंदणी क्रमांक, चॅसिस नंबर) माहिती गोळा करण्यास व अन्य कंपन्यांना देण्यास दिलेली संमती मी या पत्राद्वारे मागे घेत आहे. एसओएस सेवेसाठी अत्यावश्यक असेल तेवढीच माहिती यातून वगळावी. माझ्याबद्दल व गाडीबद्दल आजवर कोणती माहिती साठवली आहे आणि ती कोणाकोणाला दिली, ते कळवावे. ठिकाण, प्रवास व चालवण्याच्या सवयींची माहिती कायमची काढून टाकावी आणि तसे लेखी कळवावे. कायद्याने ठेवणे भाग असलेली माहिती असल्यास ती कोणती व कोणत्या कायद्याखाली, तेही लिहावे."

शेवटचे वाक्य सोडू नका. त्याने 'नियमानुसार माहिती ठेवतो' असे मोघम उत्तर देता येत नाही. महिन्याभरात उत्तर नाही आले तर त्याच ईमेलवर आठवण पाठवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. शोरूममध्ये तोंडी सांगून भागत नाही. तिथल्या माणसाच्या हातात सर्व्हर नसतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे हा हक्क पक्का होतो. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. पत्र मात्र आजच पाठवा. तारखेची नोंद तुमच्या बाजूने राहील.

गाडी विकताना, जुनी घेताना, भाड्याने देताना

वाहतूक खात्यात आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली म्हणून ॲपमधला मालक आपोआप बदलत नाही. जुन्या मालकाच्या फोनवर विकलेली गाडी दिसत राहू शकते, आणि दुरून दार उघडण्याची सोय असेल तर तीही. विकणाऱ्याने आधी ॲपमधून गाडी काढावी, खाते बंद करावे, मग स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट करावा. जुनी गाडी घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी हे स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्यावे, आणि तरीही सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन तिच्यावर कोणाचे खाते जोडलेले आहे का ते विचारावे.

काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या रेंट-अ-कॅबमध्ये, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीत, हे रोज घडते. दाबोळी किंवा मोपाला विमानातून उतरलेला पर्यटक गाणी लावायला फोन जोडतो, नकाशावर हॉटेल टाकतो आणि चार दिवसांनी गाडी परत करून जातो. मागे त्याच्या फोनचे नाव, कधी अख्खी संपर्कयादी आणि तो कुठे कुठे राहिला ते पत्ते उरतात. तुमचा हा धंदा असेल तर गाडी धुवायला लावताना ब्लूटूथची यादी आणि नकाशाचा इतिहास पुसणे हा नेमच करा. गाडीत जीपीएस ट्रॅकर असेल तर करारावर तसे स्पष्ट लिहा. भाड्याने घेणाऱ्याने कॉन्टॅक्ट्सची परवानगी देऊच नये आणि चावी परत देण्यापूर्वी आपला फोन यादीतून काढावा.

टॅक्सीवाल्यांसाठी मात्र नियम वेगळा. प्रवासी वाहनांत बसवलेले ठिकाण दाखवणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण हे एआयएस-१४० मानकानुसार सक्तीचे आहे. ते काढता येत नाही.

कुठल्याही गाडीत फ्यूज उपटणे, अँटेना तोडणे असले उद्योग करू नका. ते सर्किट एसओएसशी किंवा स्पीकरशी जोडलेले असू शकते, शिवाय वॉरंटीवर पाणी पडते. आणि प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर, प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर संमतीचे पान उघडून काढलेल्या फोटोंशी ताडून पाहा. अपडेटसोबत नव्या अटी येतात, आणि जॉब कार्डवर सही घेताना स्क्रीनवरचे 'मान्य आहे' कोणीतरी पुन्हा दाबलेले असू शकते.